कचऱ्यासारखे घरटे

मुलांनो, आधीच माफी मागतो. माझी शाळा सातवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि शब्दही साधेच असतील. पण ही गोष्ट आमच्या तलावावरची आहे आणि ती मला नीट माहीत आहे.

आमच्या वनउद्यानातल्या तलावात, होड्यांच्या धक्क्यापलीकडे, लव्हाळ्यांमध्ये एक टिबुकली राहत असे. टिबुकली म्हणजे ओंजळीत मावेल एवढा लाजाळू पाणपक्षी. कोणी नुसते पाहिले तरी ती बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. तिने कुजक्या पाणवेलींचे तरंगते घरटे केले होते. त्यात चार अंडी होती. बाहेर जाताना ती त्यांच्यावर ओले शेवाळ पसरून जाई. मग ते घरटे वाटतच नसे.

काठावरचा कावळा रोज वरून उडताना हसायचा. "काय गं टिबुकले, संसार थाटलास की उकिरडा?"

"उकिरडाच आहे, दादा. तुम्ही कशाला पाय घाण करता?" टिबुकली म्हणे. कावळा पुढे निघून जाई.

एका शनिवारी दोन माणसे होडीतून तलाव साफ करायला आली. दुसऱ्या दिवशी सहली येणार होत्या. पुढच्या माणसाच्या हातात बांबूची लांब आकडी होती. मागचा म्हणाला, "तो ढीग ओढ आधी. उद्या पाहुणे आपल्याला नावं ठेवतील." आकडी घरट्याकडे वळली.

टिबुकली सवयीप्रमाणे बुडी मारून लांब गेली होती. शेजारची पाणकोंबडी म्हणाली, "अगं, तिथेच थांब! अंडी नीट झाकलीयेत ना? त्यांना काही दिसत नाही."

"दिसत नाही, हीच तर पंचाईत आहे, मावशी!"

झाडावर कावळा बसलेला होता. अंडी उघडी केली तर तो टपणार, झाकलेली ठेवली तर आकडी ओढून नेणार. टिबुकलीने पुन्हा बुडी मारली, पण या वेळी ती होडीच्या अगदी पुढ्यात वर आली. घरट्यावर चढली आणि चोचीने शेवाळ बाजूला ओढू लागली. एक अंडे दिसले. मग दुसरे.

आकडी हवेतच थांबली. "थांब रे," पुढचा माणूस म्हणाला, "इथे कुणाचं तरी घर आहे."

"अरे, इतके दिवस यावरूनच उडत होतो की मी!" असे ओरडत कावळा झेपावला. माणसाने तीच आकडी त्याच्यासमोर उंच धरली, तसा तो मागे फिरला. होडीही मागे सरली. पण आता कावळ्याला ठिकाण कळले होते. टिबुकली उपाशीच अंड्यांवर बसून राहिली.

तात्पर्य : लपून राहिल्याने पुष्कळदा निभावते, पण जे जपायचे तेच धोक्यात आले, तर लाज सोडून समोर यावे. काही दिसलेच नाही, तर चांगला माणूसही मदत करू शकत नाही.

ती आकडी माझ्या हातात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, सहली यायच्या आधी, मी उद्यानाच्या साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी विचारल्याशिवाय मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. म्हणालो, "साहेब, आज लव्हाळ्यांकडे होड्या नकोत."

"का रे?"

मग मी त्यांना सगळे सांगितले, तुम्हाला सांगितले तसेच, चुकतमाकत. त्यांनी दोर काढून दिला. तो मी लव्हाळ्यांभोवती बांधला, आणि कावळ्याला दिसेल अशी आकडी घरट्याशेजारी रोवून आलो.