म्हाळू सुताराचा अडकित्ता

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते मला विचारू नका. धामणखेडच्या नदीला तेव्हा भर उन्हाळ्यातही पाणी असायचं, एवढं सांगते. त्या गावात म्हाळू सुतार राहायचा. नांगर, तिफणी तो करायचाच, पण त्याला नाद होता भलताच. घरात जे दिसेल ते लाकडातून कोरायचा. लसणाचा गड्डा, तुटक्या अंगठ्याची वहाण, काठ गेलेलं गाडगं. त्याच्या लाकडी गुळाच्या ढेपेला मुंग्या लागायच्या, असं म्हणतात. लाकडी मिरच्या उन्हात ठेवल्या की शेजारणीला ठसका लागायचा, असंही म्हणतात.

आता असा माणूस गावात असल्यावर लोकांच्या जिवाला स्वस्थता कुठली? म्हाळू घरी येऊन गेला की बायका मागून भांडी वाजवून बघायच्या. आपलीच आहेत, की मेल्यानं बदलून ठेवली?

सगळ्यांत जास्त संशय येसूला. येसू मुळातच अशी, की दुधात बोट घालून बघितल्याशिवाय गवळ्याला पायरी उतरू द्यायची नाही. तिचा नवरा गोंदाजी मात्र म्हाळूचा जिवलग. रोज त्याच्या ओट्यावर बसून सुपारी कातरायचा. एका पावसाळ्यात गोंदाजीचा अडकित्ता हरवला. वडिलांच्या हातचा, पोपटाच्या तोंडाचा. बिचारा रोज शोधायचा आणि रोज हळहळायचा.

येसू तडक म्हाळूच्या घरी गेली. बघते तर काय, भिंतीला अडकित्ता टांगलेला. तिनं झडप घालून काढला, तर हाताला हलका लागला. शिसवाचा होता.

"गोंदाजीला चैन पडेना, म्हणून आठवून केला वहिनी," म्हाळू म्हणाला.

"आठवून? चोचीचा टवकासुद्धा आठवला होय? समोर ठेवल्याशिवाय असा होतोय कधी? खरा कुठं दडवलाय, ते सांगा."

म्हाळूनं लाकडी अडकित्ता परत भिंतीला टांगला. येसूनं घरोघर जाऊन सांगितलं आणि गावाला ते पटलं. इतका हुबेहूब केलाय, म्हणजे खरा ह्यानंच ढापला. त्या दिवसापासून म्हाळूला कोणी उंबऱ्याच्या आत घेईना.

पुढं गोंदाजी गेला. शेवटपर्यंत अडकित्त्याचंच विचारत गेला. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. येसूनं हात जोडून सांगितलं, पोरांना सांभाळीन, शेत विकणार नाही. कावळे आपले झाडावर बसून. ऊन डोक्यावर आलं. तेव्हा म्हाळू गर्दीतून पुढं आला आणि त्यानं तो लाकडी अडकित्ता पिंडाशेजारी ठेवला. हात मागं घेतो न घेतो तोच कावळा शिवला, असं म्हणतात.

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. येसू काय म्हणाली, माहीत आहे? "कावळासुद्धा ह्यानंच कोरला असेल."

चैत्रात तिनं ज्वारीची कणगी रिकामी केली. तळाशी खरा अडकित्ता. ज्वारी काढायला गोंदाजी वाकला असेल, तेव्हा कमरेचा सुटून पडला असणार. गावभर बोंबलून झालं होतं, आता कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं तो लुगड्याच्या घडीत घातला आणि गप्प बसली. म्हाळू रस्त्यानं जाताना दिसला की बायका भांडी आत घ्यायच्या, तशी येसूही घ्यायची. मनातून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण घ्यायची.

अशी वर्षं गेली आणि म्हाळूही गेला. त्याला पुढंमागं कोणी नव्हतं, म्हणून गावानंच दहावा केला. कावळा शिवेना. लोक म्हणाले, तुझी हत्यारं जपू, घरात दिवा लावू. एकही पंख हलला नाही. दिवस कलला. ह्याचं नेमकं काय राहिलंय, कोणाला कळेना.

येसूला कळत होतं. सांगावं, तर ह्याच लोकांत तिला उरलेला जन्म काढायचा होता. न सांगावं, तर तो तिथंच अडकून राहणार होता, तिच्यामुळं.

ती उठली आणि सगळ्यांदेखत पिंडासमोर उभी राहिली. "म्हाळूभाऊ, अडकित्ता माझ्याच कणगीत होता. तुम्ही होता तेव्हाच सापडला. मी बोलले नाही."

एक नाही, पिंपळावरचे सगळेच्या सगळे कावळे खाली उतरले, असं म्हणतात.

धामणखेडात अजूनही दहाव्याला आधी कोणी वचन देत नाही. गेलेल्या माणसावर ज्यानं खोटा संशय घेतला असेल, त्यानं पुढं येऊन मोठ्यानं सांगायचं. ह्याला तिथं 'म्हाळूला सांगणं' म्हणतात. आणि गावात कोणी अंथरुणाला खिळलं, की बघायला आलेल्यांतलं एखादं माणूस दाराशी उगीच घुटमळतं. घरचे ओळखतात. कामाचं निमित्त काढून बाहेर जातात, आणि ऐकणारा आहे तोवर त्याला बोलू देतात.