सव्वा हप्ता

शरयूवहिनी एकदा गणपतीला नवस बोलल्या, "यजमान निवृत्त व्हायच्या आत आमचं घर कर्जातून सोडव, मी दर महिन्याला सव्वा हप्ता भरीन." देवाधर्माचं सगळं सव्वाच्या मापाने, मग हप्ता एकपट कसा चालेल?

पतसंस्थेचे मॅनेजर नाडगौडा मात्र उखडलेच. "वहिनी, हा काय प्रसादाचा शिरा आहे? कर्ज लवकर फिटलं तर आमचं व्याज बुडतं. वरचा पाव हप्ता परत न्या!"

"नेते हो," वहिनी हात जोडून म्हणाल्या. "फक्त गणपतीला दाखवायला एक ओळ लिहून द्या. 'या संस्थेला कर्जाचे पैसे परत नको आहेत.' खाली सही आणि शिक्का."

हे ऐकताच रांगेतले अकरा कर्जदार पुढे घुसले. "साहेब, आम्हालाही एकेक प्रत द्या!"

नाडगौडांनी घाम पुसत पाव हप्ता मुद्दलात जमा करून घेतला. निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच वहिनींचं घर सुटलं. बायांनो, तुमचंही सुटेल. हप्ता सव्वा भरा, आणि पावतीवर 'मुद्दलात जमा' असं लिहून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.