खड्डेवाल्याची रूथ

ज्या घरात आई नाही आणि बाप खाटेला खिळलेला, त्या घरातलं मूल लवकर मोठं होतं. रूथ नऊ वर्षांची होती. पण चूल ती पेटवायची, पाणी ती भरायची, बापाचं अंगही तीच पुसायची.

बापाचं नाव शांतवन. चर्चमागच्या कबरस्तानात त्यानं चाळीस वर्षं कबरी खणल्या. आता खोकून खोकून छातीत दम उरला नव्हता. पावसाळ्यापासून तो खाटेवरून उठला नव्हता.

गावातले लोक म्हणायचे, "शांतवनानं जन्मभर काय कमावलं? खड्डे!" आणि पोरं रूथच्या मागे लागायची, "खड्डेवाल्याची रूथ, मुरूम खाते मूठ मूठ!"

सुगीच्या सणाची त्या गावात एक रीत होती. ज्याच्या रानात जे उत्तम पिकलं, ते त्यानं वेदीपुढे ठेवायचं. मग पाळकसाहेब एकेका घराचं नाव मोठ्यानं वाचायचे. ज्याचं फळ मोठं, त्याचं नाव आधी. कर्ण्यावरून ते गावभर ऐकू जायचं. शांतवनाला रान नव्हतं. त्याचं नाव कधीच वाचलं गेलं नव्हतं. "मला काय त्याचं?" तो म्हणायचा. पण त्या सकाळी चर्चच्या बाजूला कूस वळवून पडायचा. रूथला ते दिसायचं.

बाप जाण्याआधी त्याचं नाव एकदा तरी वाचलं जावं, एवढंच तिला हवं होतं. म्हणून यंदा तिनं कबरस्तानाच्या भिंतीशी भोपळ्याचा वेल लावला. वेलाला एकच भोपळा धरला. तोही मुठीएवढा.

सणाची सकाळ उजाडली. रूथ भोपळा तोडून घ्यायला कबरस्तानात आली. धुकं राखेसारखं पसरलं होतं. कबरींवर सदाफुली फुलली होती, गुलाबी गुलाबी, दंवानं चमचमणारी. त्यातल्या एका फुलात अंगठ्याएवढी परी बसली होती. तिचे चिमुकले पंख चतुराच्या पंखांसारखे निळे-हिरवे झळकत होते. केसांत दंवाचे इवले इवले मणी होते. चेहरा मात्र उदास.

"तीन इच्छा माग, बाळ," परी म्हणाली. "पण आधी ऐक. माझ्या झोळीत माझं असं काही नसतं. मी इथलं उचलते आणि तिथे ठेवते. कुठून उचललं, ते तुला पाहावं लागेल. आणि कुणासाठी आयुष्य मागू नकोस. ते मी कुठून उचलीन, ते तुला बघवणार नाही."

ओठांवर आलेला 'बाबा' हा शब्द रूथनं गिळला.

"मग माझा भोपळा मोठा कर."

भोपळा फुगत गेला. आधी पिवळा, मग केशरी, मग सोन्यासारखा. रूथच्या कवेत मावेना. कित्येक महिन्यांनी ती हसली.

"आता तिकडे बघ," परी म्हणाली.

भिंतीपलीकडे म्हातारी हन्नाबाई आपल्या वेलात चाचपडत होती. तिला डोळ्यांनी दिसत नसे. "काल तर इथंच हात फिरवला त्याच्यावर," ती स्वतःशीच बोलत होती. "लेकरागत वाढवला. कुणी नेला गं, माझा भोपळा?"

रूथला रडू फुटलं. "परत दे तिचा! लवकर दे!"

परीनं तो परत दिला. दोन इच्छा संपल्या. रूथच्या हातात पुन्हा मुठीएवढा भोपळा उरला.

"असू दे. हाच नेते," डोळे पुसत ती म्हणाली. "माझ्या बाबांचं नाव शेवटी वाचतील, पण वाचतील."

चर्चची घंटा झाली. रूथ पळत सुटली. कबरस्तानाच्या फाटकात एक अनोळखी बाई उभी होती, ऊस तोडणाऱ्यांच्या टोळीतली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं तान्हं मूल होतं. निजल्यासारखं दिसत होतं. पण निजलेलं नव्हतं.

"कबर खणणारे बाबा हितंच ऱ्हातात का गं? आमची टोळी आत्ता निघती बघ. ह्याला उघड्यावर टाकून नाही जायचं मला."

कर्णा खरखरला. पहिलं नाव वाचलं गेलं.

रूथनं चर्चकडे पाहिलं. मग बाईकडे. बाप नेहमी सांगायचा, कोण, कुठला, हे कबर खणणाऱ्यानं विचारायचं नसतं. आणि आलेल्याला ताटकळत ठेवायचं नसतं.

तिनं भोपळा खाली ठेवला आणि बापाची कुदळ उचलली.

जमीन निव्वळ मुरमाची. कुदळ ठणकन उडाली. पुन्हा मारली, पुन्हा उडाली. नुसता ओरखडा उठला. तिकडे नावं पुढे सरकत होती.

"परी, ही जमीन मऊ कर."

"कुणाचं मऊपण उचलू?"

ती बाई बाळाच्या गालावरून हात फिरवत होती.

"माझ्या हातांचं घे," रूथ म्हणाली.

जमीन लोण्यासारखी झाली. रूथचे गुलाबी तळवे बाभळीच्या सालीसारखे कडक झाले, जागोजागी भेगाळले. तिनं ओठ दाबले आणि खणत राहिली. नावं संपली. शांतवनाचं नाव आलं नाही. कर्णा बंद पडला.

मागे काठी वाजली. घोंगडी पांघरून शांतवन उभा होता.

"बाबा! तुम्ही कशाला उठलात?"

"कुदळीचा आवाज आला. कोण खणतंय बघायला आलो."

तो कबरीवर वाकला. कडा सरळ होत्या. तळ सपाट होता. तान्ह्या मुलांसाठी तो करायचा तशी मातीची इवलीशी उशी डोक्याकडच्या बाजूला केलेली होती. त्यानं रूथचे तळवे हातात घेतले, त्यावरून अंगठा फिरवला.

"कर्ण्याकडे कान लावून पडायचो, पोरी," तो म्हणाला. "वाटायचं, माझ्या हातून आयुष्यात काही झालंच नाही. आज दिसलं, काय झालं ते."

त्याचा श्वास संथ चालला होता. खोकला थांबला होता. रूथ घाबरून परीकडे वळली. "हे बळ कुणाचं उचललंस?"

परी पहिल्यांदाच हसली. "हे मी दिलं नाही, बाळ. ज्यानं दिलं, त्याच्याकडे कधी उणं पडत नाही."

बोलता बोलता तिचे पंख उजळले, केसांतले मणी उजळले, सदाफुलीची पाकळी न पाकळी उजळली. लख्ख उजेड झाला आणि त्यात परी विरून गेली. धुक्याला भोक पडलं. उन्हाचा एक कवडसा बाळाच्या कपाळावर आला.

आईनं बाळाला खाली ठेवलं. शांतवन एका बाजूला गुडघ्यांवर बसला, रूथ दुसऱ्या बाजूला. आणि चार खरबरीत हातांनी हळूहळू माती लोटली.