पात्यांत घातलेली काठी

“यंत्र बंद हाय ना महाराज? मग भ्यायचं कशाला?”

असं म्हणत दौलतने हातमोजा काढला आणि बाही कोपरापर्यंत सारली.

केवलानंद महाराज यंत्राच्या पात्यांकडे बघत होते...

हिमालयातल्या त्या उंच आश्रमात रात्रभर बर्फ पडलं होतं, चांगलं कंबरेइतकं. खाली मोठ्या रस्त्यावर जीप येऊन थांबली होती आणि वर स्वयंपाकघरात म्हातारा बिशनदा पोट धरून विव्हळत होता. आश्रमाला इतकी वर्षं जेवू घालणारा माणूस तो. त्याला दवाखान्यात न्यायचं, तर मधली वाट मोकळी व्हायला हवी होती. त्यासाठी आश्रमाचा छोटा ट्रॅक्टर होता, त्याच्या तोंडाला बर्फ उडवायचं यंत्र होतं, आणि ते चालवणारा एकटा दौलत होता.

दौलत सिन्नरकडचा. मिसरूड फुटायच्या आधीच ट्रॅक्टर शिकलेला. घरदार सोडून आला, पण स्टिअरिंग काही सुटलं नाही. यंत्रातलं आपल्याएवढं इथे कोणाला कळत नाही, असं त्याला वाटे; आणि खोटं कशाला बोला, ते खरंच होतं. ट्रॅक्टरच्या मागे ‘अति घाई, संकटात नेई’ असं त्यानेच झोकात रंगवलं होतं. पण असल्या पाट्या मागून येणाऱ्यांसाठी असतात!

वळणापर्यंत काम झकास झालं. यंत्र बर्फ गिळत होतं आणि नळकांड्यातून दरीत फेकत होतं. वळणावर मात्र ओलं, जड बर्फ लागलं. नळकांडं तुंबलं, पाती जागच्या जागी रुतली आणि इंजिन घुसमटून बंद पडलं. दौलतने किल्ली काढून खिशात टाकली, उडी मारली आणि आत हात घालायला वाकला. तेवढ्यात काठी टेकत महाराज मागून येऊन पोचले.

“थांब.”

“यंत्र बंद हाय म्हणलं ना! थांबायला येळ कुठंय? बिशनदा तिकडं तळमळतोय.”

“तळमळतोय...”

“मग?”

महाराजांनी हातातली काठी पुढे केली.

“हात नको. ही घाल.”

दौलत चपापला. ती काठी महाराजांच्या गुरूंची. रोज सकाळी तिला फूल वाहून मगच महाराज ती हातात घेत. इतरांना तिला हात लावायचीही मुभा नव्हती.

“ही? थोरल्या महाराजांची? आन् मोडली तर?”

“घाल.”

“दोन मिनिटांचं काम हाय. हातानं पटकन...”

“हात मागे.”

आवाज चढला नव्हता. पण असा आवाज दौलतने महाराजांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्याला रागच आला. इथे माणूस जायची वेळ आली आणि यांना भलतंच सुचतंय! मनातल्या मनात चरफडत त्याने काठी नळकांड्यात खुपसली आणि खालपर्यंत जोरात ढोसली.

अडकलेला गोळा सुटला. पात्यांत कोंडून राहिलेला जोरही सुटला. इंजिन बंद, किल्ली खिशात, तरी पाती गर्रकन फिरली. कडाड्‌कन आवाज झाला. दौलतच्या मुठीत काठीचा वरचा तुकडा तेवढा उरला.

...

त्याने उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं मिटली, पुन्हा उघडली. सगळी जागच्या जागी होती. मग मात्र तो बर्फातच बसला आणि हमसून हमसून रडला.

“ऊठ,” महाराज म्हणाले. “बिशनदा वाट बघतोय.”

वाट मोकळी झाली. जीप वर आली आणि बिशनदाला घेऊन गेली. संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला: ऑपरेशन वेळेत झालं, जिवाचा धोका टळला. शुद्धीवर येताच बिशनदाने पहिला प्रश्न केला होता, आज डाळीला फोडणी कोणी दिली? सगळा आश्रम पोटभर हसला. सकाळपासून छातीवर ठेवलेला धोंडा उतरला होता.

एकटा दौलत तेवढा हसला नाही. पात्यांतून वेचून काढलेले काठीचे तुकडे उपरण्यात बांधून तो स्वयंपाकघरात आला. महाराज चुलीपाशी शेकत बसले होते. त्याने उपरणं त्यांच्या पायाशी सोडलं.

“थोरल्या महाराजांची येवढीच खूण होती तुमच्याकडं. माझ्यापायी गेली.”

महाराजांनी एक तुकडा उचलला. बोटांनी चाचपला... आणि चुलीत सारला.

“महाराज!”

“चहाचं आधण ठेव,” महाराज म्हणाले. ते जाळाकडे बघत होते. “गुरुजींनी ही मला दिली, तेव्हा मी चांगला तरणाताठा होतो रे... कशाला दिली असेल, ते आज कळलं.”