हबमावशीची झोप

टेबलांवर वायरींचं राज्य होतं, तेव्हाची गोष्ट. एका लॅपटॉपला यूएसबी हबमावशी जोडलेली होती. माऊस, कीबोर्ड आणि धाकटा पेनड्राइव्ह तिच्याकडूनच वीज घेत.

एकदा बॅटरी संपत आली. लॅपटॉप खेकसला, "मावशी, झोपा आता. उगाच वीज खाताय."

मावशी पेंगुळली होती. माऊस आणि कीबोर्ड केव्हाच झोपले होते, पण पेनड्राइव्हचा दिवा अजून लुकलुकत होता.

"हा जागा आहे तोवर कशी झोपू? मी झोपले की याची वीज तुटेल."

"एवढं काय करतोय तो?"

"तुमचंच सकाळपासूनचं काम उतरवून घेतोय. तुमची बॅटरी संपायच्या आत."

लॅपटॉप आपल्या पडद्याचा उजेड कमी करत म्हणाला, "होऊ दे त्याचं सावकाश."