चंदेरी मोटारीची किल्ली

"आठ दिवस! या मोटारीवर आठ दिवस एकही ओरखडा दिसता कामा नये. दिसला, तर मोटारखान्यामागची खोली रिकामी करायची!"

राजेसाहेब गरजले आणि त्याच खोलीत राहणारा भिकाजी ड्रायव्हर फडकं घेऊन पुढे धावला. तसं राज्य जाऊन सत्तर वर्षं झाली होती, पण ती बातमी राजवाड्यावर अजून कुणी सांगितली नव्हती. राजेसाहेबांचे आजोबा रोज सकाळी घोड्याच्या पाठीवर बोट फिरवून मोतद्दाराची परीक्षा घ्यायचे. नातू मोटारीच्या बॉनेटवर बोट फिरवून ड्रायव्हरची घ्यायचे. मोटार नवीकोरी, चंदेरी मेटॅलिक रंगाची. उन्हात नुसती झगमगायची, आणि हल्ली त्या झगमगाटात ओरखडेही दिसायचे.

"सरकार, मी रोज धुऊन मऊ फडक्यानं पुसतो हो!" भिकाजी म्हणाला.

"मग ओरखडे काय उंदरांनी काढले?" दिवाणजींनी विचारलं. बघायला राज्य उरलं नव्हतं, म्हणून ते मोटारीकडे बघत.

तेवढ्यात भिकाजीची मुलगी सुलक्षणा पुढे आली. तालुक्याच्या गॅरेजात ती मोटारींना रंग द्यायची. तिनं बॉनेट निरखलं. सगळे ओरखडे एकाच बाजूला, सरळ आणि लांब!

"सरकार, मी करते चकचकीत. पण सामान मी निवडणार!"

"निवड की!" राजेसाहेब बोटातली सैल हिऱ्याची अंगठी सारखी करत म्हणाले.

सामान दिवाणजींनी आधीच मागवलं होतं, महागातलं महाग. रवाळ पेस्ट, तारेचा ब्रश आणि दोघांनी मिळून उचलावं असं पॉलिशचं मशीन. सुलक्षणानं पेस्ट चिमटीत घेऊन चोळली.

"दिवाणजी, जरा चष्मा द्या. याच पेस्टनं लख्ख पुसून देते!"

दिवाणजींनी चष्मा दोन्ही हातांनी घट्ट धरला. "वेडी की काय तू? काचा जातील ना!"

"चंदेरी रंगावरही असाच पातळ, पारदर्शक थर असतो. तो गेलेला चालेल होय?"

तिनं घेतलं ते सौम्य पॉलिश, फोमचा पॅड, मेणाचा एक डबा आणि चार नवी मायक्रोफायबरची फडकी. सावलीत, बॉनेट गार झाल्यावर, हलक्या हातानं तिनं काम केलं. संध्याकाळी राजेसाहेबांना बॉनेटमध्ये स्वतःची मिशी केसन् केस दिसली. त्यांना आणखी काय हवं!

"आता मोटारखान्याला कुलूप," सुलक्षणा म्हणाली. "किल्ली एकच, आणि ती सरकारांकडे. माझ्या अण्णांकडे नको, दिवाणजींकडेही नको."

"आणि तरी ओरखडा पडला तर?" राजेसाहेबांनी विचारलं.

"ज्याच्याकडे किल्ली, त्यानं जाब द्यायचा!"

"मंजूर!"

घरी भिकाजीनं कपाळाला हात लावला. "अगं बयो, खोली जाईल! या वयात मी कुठं जाऊ?"

"अण्णा, भांडी बांधायला घेऊ नका," एवढंच ती म्हणाली.

नवव्या दिवशी राजेसाहेबांनी सगळ्यांसमोर मोटार उन्हात आणवली. बॉनेटवर ओरखडे! मोजून आठ!

"भिकाजी, खोली आजच्या आज..."

"सरकार, आठ दिवसांत कुलूप कुणी उघडलं?" सुलक्षणानं मध्येच विचारलं.

"फक्त मीच! रोज सकाळी धूळ बघायला नको? आमच्या घराण्याची रीत आहे ती!"

"धूळ कशी बघता?"

"कशी म्हणजे? अशी!" राजेसाहेबांनी बॉनेटवर बोट फिरवलं. कर्रर्र! सैल अंगठी फिरून हिरा खाली आला होता. नववा ओरखडा उमटला.

राजेसाहेब आधी बोटाकडे बघत राहिले, मग तिच्याकडे.

"तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं! मग बोलली का नाहीस?"

"ड्रायव्हरची पोर सरकारांवर आळ घेते, असं झालं असतं. मेण मी निवडलं, फडकं मी निवडलं. साक्षीदार मात्र सरकारांच्याच बोटातला हवा होता!"

राजेसाहेब लालबुंद झाले, आणि एकदम असे खदाखदा हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "किल्ली माझ्याकडे, जाब माझ्याकडे!" त्यांनी खोली भिकाजीच्या नावावर लिहून दिली आणि अंगठी काढून सुलक्षणाच्या तळहातावर ठेवली. भिकाजीला रडावं की हसावं कळेना.

"पण उद्यापासून धूळ कुणी बघायची?" दिवाणजी कुरकुरले.

"तुम्हीच बघा, दिवाणजी," सुलक्षणा म्हणाली. "चष्मा लावून, लांबून!"

राजेसाहेब पुन्हा हसू लागले, ते जेवायच्या पानावर बसेपर्यंत हसतच होते.