खुंट नसलेलं शेत

मंडळी, अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं, तेव्हाची ही गोष्ट. पेनसिल्व्हेनियात योस्ट हाफनर नावाच्या जर्मन शेतकऱ्याने रान तोडून तीस एकर शेत केलं. तिथे गहू डोलायला लागला, तशी शेजारच्या इंग्रज थॉर्नबी साहेबांना त्या जमिनीची आठवण झाली!

साहेब कोर्टात गेले. "हे रान माझ्या माणसांनी साफ केलं. हा परदेशी मागाहून घुसला!" योस्टकडे कागद नव्हता. हरला असता तर बायकापोरांसकट रस्त्यावर आला असता.

आता तिथली रीत सांगतो. इंग्रज झाड कापायचा, खुंट तसाच ठेवायचा आणि त्याला वळसा घालून नांगर चालवायचा. जर्मन मात्र पाठ मोडली तरी झाड मुळासकट उपटायचा.

योस्टने अदबीने विचारलं, "साहेब, त्या शेतात एक तरी खुंट आहे का हो?"

"छे! माझी माणसं कामाला चोख आहेत," साहेब डोक्यावरचा केसांचा टोप सावरत म्हणाले.

"मग तुमच्या घरच्या शेतात पावलागणिक खुंट कसे? परवा त्यातल्याच एकाला अडखळून तुम्ही घोड्यासकट आडवे झालात. माझं शेत मुळापासून साफ केलंत आणि स्वतःचं विसरलात? इतका परोपकारी माणूस शेजाऱ्याची जमीन कशाला मागेल?"

कोर्ट खदखदून हसलं. न्यायाधीशांनी तिथल्या तिथे जमीन योस्टला दिली. त्यांना पुरावा चटकन पटला, कारण त्यांच्याही शेतात नांगर वाकडाच चालायचा.